पानमायच्या चढणीला अडणारी जीप

येनटोल्यात सोमाजी दुर्ग्याच्या घरी न उघडलेली वस्तू एकच होती, आशाबाईची ट्रंक. तीही वाचली ती तिने किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवून ठेवली म्हणून. बाकी कंदील म्हणा, गजराचं घड्याळ म्हणा, सगळं एकदा तरी अंगणात पोत्यावर सुटं होऊन पसरलेलं. एकदा तर त्याने ग्रामपंचायतीचा रेडिओ उघडला. सरपंच धावत आले.

"अरे सोमाजी, तो तं चालू होता ना!"

"हाव, म्हणूनच उघडला. काऊन चालते ते पाहाचं होतं. बंद पडल्यावर तं कोणीबी उघडते."

रेडिओ परत जोडला, लागलाही. पण एक स्क्रू उरला. दुसरा कोणी असता तर गुपचूप खिशात टाकून मोकळा झाला असता. सोमाजीने तो स्क्रू खिडकीत ठेवला आणि दीड वर्ष येता-जाता त्याच्याकडे बघून म्हणे, "तू कुठचा गा?"

धंद्याने तो शिंपी. बंड्या, चड्ड्या, परकर शिवायचे आणि चामोर्शीच्या बाजारात नेऊन विकायचे. येनटोला ते चामोर्शी बारा मैल, बैलबंडीने पहाटे निघावं लागे. ब्याऐंशी साली आलापल्लीला जुन्या सरकारी गाड्यांचा लिलाव झाला. सोमाजी गेला होता नुसता बघायला, आणि आला तो एक जीप दोन बैलजोड्यांनी ओढत. हूड नाही, मागची बाक नाही, इंजिनात चिमणीचं घरटं. आशाबाई दारात उभी राहिली, जीपकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चिमणीले तरी विचारलं का, घर विकलं म्हणून?"

आठ महिने ती जीप अंगणात सुटी पडली होती. वाळवणाला जागा नाही. सोमाजीला जीपचं कोणी शिकवलं नाही. कोणी विचारलंच, कोणाच्या हाताखाली शिकला, तर तो म्हणे, "तिच्याच." एक-एक भाग काढायचा, रॉकेलने धुवायचा, कापडावर ठेवून त्याच्याभोवती शिंप्याच्या खडूने रेघ मारायची म्हणजे जागा चुकायला नको. इंजिन सुरू झालं त्या दिवशी गल्लीतली सगळी कुत्री एका दमात गावाबाहेर गेली आणि सोमाजी बॉनेटला टेकून नुसता हसत उभा राहिला. आशाबाईने त्याच्या काळ्या हातावर गूळ ठेवला. ही चव ज्याने आपल्या हाताने बंद वस्तू चालू केली आहे त्यालाच कळते, बाकीच्यांना तो नुसता गूळ.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यापासून जीप बाजाराला जाऊ लागली. पुढे सोमाजी, आशाबाई आणि शिलाई मशीन. मागे गावातले आठ-दहा जण, टोपल्या, कोंबड्या. त्यात इतवारीभाऊ असायचेच. वांग्या-मिरचीचे मळेकरी, साठीचे, गावात शब्दाला वजन. आणि रुखमाबाई, म्हातारी, लाख आणि डिंक विकायला नेणारी, जीभ तिची चाकासारखी, थांबली तर पडेल अशी.

दोन महिने सगळं नीट चाललं. मग जीप अडू लागली.

अडायची ती एकाच जागी. येनटोल्याहून नऊ मैलांवर रस्ता जंगलात वर चढतो. चढणीच्या माथ्याला कुसुमाचं जुनं झाड आहे आणि त्याच्या बुडाशी पानमाय. तिला मूर्ती नाही, देऊळ नाही. येणारा-जाणारा वाटेतली हिरवी डहाळी तोडतो, तिच्यासमोर ठेवतो, दोन घटका टेकतो आणि पुढे जातो. वाट सुखाची होते म्हणतात. बैलबंडीवालेही तिथे बैल सोडून विसावा घेत. त्या झाडाच्या पंचवीस-तीस पावलं अलीकडे जीप आचके देई, खोकली की गप्प.

मग सगळे उतरत, डहाळ्या तोडत, पानमायला ठेवत. सोमाजी काही ठेवत नसे. छप्पन साली चांद्याला दीक्षा घेतली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. यापुढे देवापुढे हात जोडणार नाही असा शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द तो शिवणीसारखा समजे. एक टाका सुटला की पुढचे आपोआप सुटतात. दुसऱ्याच्या डहाळीला त्याने कधी नावं ठेवली नाहीत. ते पान ठेवत, हा बॉनेट उघडी.

आधी सीटखालच्या टाकीचं झाकण काढून त्यात बांबूची काडी बुडवून पेट्रोल बघायचं, कारण काटा कधीच मेला होता. पेट्रोल असेच. मग प्लग काढून पुसायचे, कार्बोरेटर फुंकायचा, तारा घट्ट करायच्या. अर्ध्या तासाने हँडल मारलं की जीप पहिल्या-दुसऱ्या फेऱ्यात धडधडून उठे. इकडे सोमाजीला वाटे, सापडला रोग, आज प्लगच होता! तिकडे इतवारीभाऊंना वाटे, पान पावलं. दोघेही खुशीत चामोर्शीला पोचत.

पुढच्या बाजाराला जीप पुन्हा तिथेच.

सहाव्या वेळेला इतवारीभाऊंची वांगी उन्हात सुकली आणि त्यांचा धीरही. परतल्यावर ते सोमाजीच्या अंगणात आले, सोबत जीपमध्ये बसणारे सगळे.

"सोमाजी, तुह्या हातात कला हाय, आमी नाई म्हणत का?" ते म्हणाले. "पण आमी समदे पान ठेवतो, अन् गाडीचा मालक तसाच उभा राह्यते. मायले राग येणार नाई तं का येईन?"

"भाऊ, राग आला असता तं पुन्हा चालू काऊन होऊ देली असती?"

"आमच्या पानानं होते ना!" रुखमाबाई मधेच म्हणाली. "मागच्या बाजारी मी दोन ठेवली. एक तुह्या नावाचं. लपून."

"मंग यावेळेस अडायले नाई पाहिजे होती."

"लपून ठेवलेलं का मालकाच्या हातचं असते, बापा?"

इतवारीभाऊंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "हे पाय. पुढच्या बाजाराले तू आपल्या हातानं एक डहाळी ठेव. बस. आमी जलमभर तुह्या जीपीत बसतो. नाई ठेवत तं मंग आमी आपली बंडी जुपतो. रागानं नाई सांगून राह्यलो."

रागाने नव्हतंच, हेच तर अवघड होतं. बसणारे गेले तर जीपचं पेट्रोल एकट्या परकर-चड्ड्यांवर निघणार नव्हतं; जीप उभी राहणार. आणि डहाळी ठेवली तर जीप चालेल, पण आठ महिने स्वतःच्या हाताने जोडलेली गाडी ज्या दिवशी न समजता चालेल त्या दिवशी ती सोमाजीची राहणार नव्हती. शब्दाचा टाका सुटणार तो वेगळाच.

आशाबाई भाकरी थापताना म्हणाली, "ठेवणार का?"

"नाई."

"मंग ठीक. ठेवणार असता तं डबा घरून भेटला नसता." थोड्या वेळाने भाकरी उलथत म्हणाली, "पण खरं सांगा, रोग समजला का तुमाले?"

ते खरं सोमाजीला बोचलं. तो उठून भिंतीपाशी गेला. तिथे खडूने तो दर बाजाराची नोंद करत असे. पहिला बाजार: प्लग काळे. दुसरा: कार्बोरेटरात कचरा. तिसरा: तार ढिली. चौथा: पाणी कमी. पाचवा: पुन्हा प्लग. सहावा: पट्टा. अशा सहा दुरुस्त्या, आणि प्रत्येक वेळी गाडी खरोखर चालू झालेली. तो बराच वेळ बघत राहिला.

"का पायता?"

"आशा, माणसाले सहा बिमाऱ्या होतीन, पण समद्या एकाच झाडाखाली येतीन का?"

"म्हंजे?"

"म्हंजे मी सहाही वेळा दुसरंच काही दुरुस्त केलं. अन् इतवारीभाऊंचं पानबी असंच. चालू कशानं होते ते ना मले ठाऊक, ना त्याहिले."

हे बोलताना आपला नवरा खुश का दिसतो ते आशाबाईला कळेना. पण सोमाजी तसाच होता. उत्तर हाती आल्यापेक्षा प्रश्न नीट सापडला की त्याला जास्त बरं वाटे.

बाजाराच्या आदल्या दिवशी त्याने टाकी भरली, काडी बुडवून बघितली, झाकण दाबून बसवलं आणि एकटाच निघाला. मागे माणूस नाही, टोपली नाही. मनाशी एकच ठरवलं होतं, अडली तर कशालाही हात लावायचा नाही. दरवेळी दहा गोष्टींना हात लावतो, मग त्यातली कोणती कामी आली ते कळणार कसं?

नऊ मैल झाले. चढण आली. जीप चढली, कुसुमाचं झाड गेलं, पानमायही मागे राहिली, आणि दोन शेतांएवढं अंतर पुढे जाऊन जीपने आचका दिला आणि ती थांबली.

सोमाजीने मांडीवर थाप मारली. अडली म्हणून एवढा आनंद झालेला ड्रायव्हर त्या रस्त्यावर आधी कोणी पाहिला नसेल. पानमायचा राग असता तर तिच्यासमोर अडायला हवी होती. ही तर रिकामी, हलकी, म्हणून तिला ओलांडून पुढे येऊन अडली. म्हणजे जागेचा संबंध नाही. किती चालली, किती पेट्रोल प्याली, त्याचा आहे. पण टाकी तर अर्धीच्या वर भरलेली. पोटात अन्न आहे आणि माणूस उपाशी, असं कसं?

तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. हात मांडीखाली दाबून, कारण ते सारखे पान्याकडे जात होते. झाडीतून गुरांच्या लाकडी घंटा वाजल्या आणि पोचू आला. त्या चढणीवर गुरं चारणारा म्हातारा गोंड, सगळ्या बंडीवाल्यांच्या ओळखीचा. त्याच्या खांद्याला भोपळ्याचा तुंबा, आत आंबील.

"जीप बसली का?" पोचूने विचारलं.

"बसली. मीबी बसलो."

पोचू हसला, शेजारी टेकला आणि तुंबा तोंडाला लावला. ओठ गच्च लावून दोन-तीन घोट ओढले, आणि मग आंबील येईना. तुंबा पालथा, आत आंबील खळखळते आहे, पण तोंडात थेंब नाही. त्याने ओठ जरा सैल केले. तुंब्याने गुडुक्‌ केलं, आणि आंबील पुन्हा आली.

सोमाजी बघतच राहिला. "पोचूदादा, मधेच काऊन थांबला?"

"मी कुठी थांबलो? तुंबा थांबला."

"काऊन?"

म्हाताऱ्याने, हे काय विचारतो, अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं. "त्यालेबी दम घ्या लागते ना. आंबील बाहेर येईन तं हवा आत जाईन. तोंड दाबून ओढशीन तं तो कुठून देईन?"

सोमाजी उठला. पळत जीपकडे गेला, अर्ध्यातून परत आला, पोचूच्या पायांना हात लावला आणि पुन्हा पळाला. पोचू म्हणाला, "उन्हाचा तडाखा बसला वाटते."

टाकीचं झाकण सीटच्या बाजूला. शिंपी माणूस, शर्टावर कुठे ना कुठे दोरा असतोच. त्याने बाहीवरचा एक पांढरा दोरा काढला, झाकणाच्या कडेपाशी धरला आणि दुसऱ्या हाताने झाकण फिरवलं. ते जड गेलं, आतून कोणी ओढून धरल्यासारखं. जरा सुटलं तोच सुऽऽस झालं आणि दोऱ्याचं टोक बाहेर न उडता आत ओढलं गेलं. हा आवाज त्याने सहाही वेळा ऐकला असणार. पण तेव्हा मागे दहा जण बडबडत होते, कोंबड्या ओरडत होत्या आणि त्याचं डोकं पुढच्या बॉनेटमध्ये होतं.

बाकी कशालाही हात न लावता त्याने हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला जीप उठली.

आता त्याने झाकण उलटं केलं आणि कपाळावर हातच मारून घेतला. झाकणाच्या मधोमध लाखेचा लाल ठिपका. तो त्यानेच भरला होता! जीप खडखडली की पेट्रोलचा वास येई, बायकांना मळमळे. झाकण तपासताना त्याला सुईएवढं भोक दिसलं. आपल्याकडे पितळी भांड्याला भोक पडलं, विळ्याची मूठ हलली, की लाख भरायची, आजोबांपासूनची रीत. कोणीतरी खिळा मारून झाकण खराब केलं म्हणत त्याने रुखमाबाईकडूनच चिमूटभर लाख घेतली आणि इतकी सुबक बसवली की आशाबाईला बोलावून दाखवलं होतं. आधीचे दोन महिने नीट चाललेली जीप त्याच आठवड्यात अडायला लागली होती.

"माझ्याच हातची दुरुस्ती, पोचूदादा!" तो ओरडला. "मीच तिचं नाक दाबलो!"

कॉलरला खोचलेली मशीनची सुई काढून त्याने लाखेला टोचलं. कडक लाख तडकली, भोक मोकळं झालं. येताना जीप का अडत नसे तेही त्याला तेव्हाच उमगलं. परतीला पेट्रोल बेताचं, म्हणून वाटेतल्या नाल्यावरच्या बुटक्या फरशीपुलावर, रपट्यावर, तो झाकण उघडून काडी घालून बघत असे. तिथे तिला दम मिळे.

दुसऱ्या दिवशी बाजार. इतवारीभाऊ जीपपाशी हिरवी डहाळी घेऊनच उभे होते. "घे. चढणीवर तुह्या हातानं ठेव."

"इतवारीभाऊ, आज बसा. चढणीवर गाडी अडली तं तुमी बंडी जुपा, मी शब्द काढणार नाई. नाई अडली तं हे पान मले पुन्हा देऊ नका."

इतवारीभाऊंनी सगळ्यांकडे पाहिलं. "ठीक हाय. एक डाव."

त्या दिवशी मागे सगळे इंजिनाकडे कान लावून बसले. रुखमाबाईसुद्धा. चढण आली तशी आशाबाईने मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरलं. जीप चढत गेली. रोजची अडायची जागा आली, गेली. झाड आलं, गेलं.

"थांबव! थांबव!" मागून एकच गलका उठला.

सोमाजीने कचकन ब्रेक दाबला. "का झालं? कोण पडलं?"

"पान ठेवायचं राह्यलं ना रे!" रुखमाबाई ओरडली. "अशी कशी पळवते मायच्या पुढून!"

सगळे उतरले, पान ठेवून आले. परत जीपमध्ये चढताना इतवारीभाऊ म्हणाले, "अडली नाई हे खरं. पण आज तू मनातून मानलं असशीन."

"नाई मानलं."

"मंग रुखमाचं लपून ठेवलेलं पावलं."

"उशिरा पावते कधीकधी," रुखमाबाईने मान हलवली.

सोमाजीला राग यायला हवा होता, पण त्याला गंमतच वाटली. गाडी का अडली नाही, या विचारात आता इतवारीभाऊही पडले होते. चामोर्शीला पेट्रोल भरल्यावर त्याने झाकण इतवारीभाऊंच्या हातात दिलं. "भाऊ, तुमच्या रुखमाबाईची लाख घ्या, दिवा-शेगडी जे लागते ते घ्या, अन् हे भोक तुमच्या हातानं बुजवा. मी पायत नाई. येताना पानमायले हवी तेवढी पानं ठेवा. आज रपट्यावर मी टाकी उघडत नाई."

पैजेला इतवारीभाऊ कधी मागे हटले नव्हते. चहावाल्याच्या शेगडीवर लाख मऊ करून त्यांनी भोक बुजवलं, वर अंगठ्याचा ठसा उमटवला. परतताना पानमायला त्यांनी स्वतः तीन डहाळ्या ठेवल्या. जीप उतरली, रपटा ओलांडला, आणि येनटोला दीड मैल राहिलं असताना धानाच्या बांध्यांच्या मधोमध आचके देत थांबली. चहूकडे कापलेल्या धानाचे खुंट. झाड नाही, दगड नाही.

सोमाजी स्टिअरिंगवर हात ठेवूनच मागे वळला. "भाऊ, इथी कोणती माय हाय?"

इतवारीभाऊंनी चारी दिशांना पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. "मंग आता?"

"मी उठत नाई. झाकण तुमी काढा. कान लावून."

इतवारीभाऊंनी झाकण धरलं. फिरेना. दोन्ही हातांनी पिळलं आणि सुऽऽस झालं. म्हातारा दचकून मागे सरला. मग पुन्हा कान टाकीजवळ नेला, जसा तान्ह्या लेकराच्या छातीला लावतात तसा. "अगा... दम घेतला इनं!"

"आता हँडल मारा."

"मी?"

"दुसरं कोण? तुमीच तिचं नाक मोकळं केलं."

इतवारीभाऊंनी धोतर खोचलं. पहिल्या फेऱ्याला काही नाही. दुसऱ्याला खोकली. तिसऱ्याला जीप धडधडून उठली आणि हँडल हातात घेऊन साठ वर्षांचा मळेकरी बांध्यांच्या मधे उभा राहिला, तोंड उघडं, डोळे चमकलेले. सोमाजीने ते तोंड ओळखलं. असंच तोंड करून तो स्वतः अंगणात बॉनेटला टेकला होता.

"मी चालू केलो!" इतवारीभाऊ म्हणाले. मग मागे वळून, कोणी ऐकलं नसेल तर म्हणून, जोरात: "मी केलो चालू!"

गावात पोचेपर्यंत त्यांनी हे चार वेळा सांगितलं. गावात पोचल्यावर किती वेळा, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्यांच्या सांगण्यात लाख कोणी भरली होती तो भाग हळूहळू गळत गेला.

त्यानंतर जीप पानमायपाशी दर बाजाराला थांबे, पण सोमाजीने ब्रेक लावला म्हणून. बायका डहाळ्या ठेवत, पुरुष तंबाखू मळत, सोमाजी रस्त्यापलीकडे उभा राहून पाणी पिई. त्याच्या हातात कोणी पान दिलं नाही, आणि त्यानेही कोणाला घाई केली नाही. निघायच्या आधी इतवारीभाऊ जीपपाशी येत, झाकण काढून भोकातून आभाळ दिसतं का ते एक डोळा मिटून बघत आणि परत बसवत.

एकदा नवीन बसलेल्या सुकलूने मदत म्हणून झाकणाला हात घातला.

"ए!" इतवारीभाऊ गरजले. "पान ठेव, तंबाखू खा, का करायचं ते कर. झाकणाले हात नाई लावाचा. ते माझं काम हाय."

सोमाजीने आशाबाईकडे पाहिलं. ती मशीनवर पदर टाकून हसत होती.